सागाच्या देशातील सालवन

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत ‘पारा’ म्हणजे आळी किंवा पेठ. बुढापारा, तात्यापारा या वस्त्याही तेथून दूर नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या नगरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. भोसल्यांचे राज्य गेल्यानंतरही कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने ती येत राहिली. अशा घरात वाढलेल्या मुलाला साल वृक्ष परका नसतो. बाजारात सरईचे दातवण विकावयास येते, सरईच्या पानांचे दोने मिळतात, आणि धुपाटण्यात टाकावयाची राळ हाही त्याच झाडाचा चीक असतो. ‘सरई’ हे सालाचे छत्तीसगढी नाव. छत्तीसगड राज्याचा राज्यवृक्षही तोच आहे.

त्याच मुलाचा नागपूरकडील मावसभाऊ मात्र ‘साल’ म्हटल्यावर झाडाच्या खोडावरील त्वचा समजतो. त्याच्याकडे पंगतीची पत्रावळ पळसाच्या पानांची आणि जुन्या घराची तुळई सागाची. दोघांच्या गावांमध्ये रेल्वेचे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. एवढ्याच अंतरात एका वृक्षाचा देश संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. पूर्वेकडील सीमेवरचे तुरळक तुकडे सोडले तर महाराष्ट्रात नैसर्गिक सालवन नाही. आणि सह्याद्रीपासून वऱ्हाड-नागपूरपर्यंतच्या पानझडी रानांत साग हाच प्रमुख इमारती वृक्ष आहे.

आता या मुलाने रायपूरहून पश्चिमेस प्रवास करावा. डोंगरगड आणि सालेकसा यांच्या परिसरातील रान ओलांडून गाडी नागपूरच्या काळ्या मातीत येते. तेथून उत्तरेस वळून ती बैतूलकडील सातपुड्याच्या सागवनातून इटारसीस पोहोचते. इटारसीहून जबलपूरच्या दिशेने जाताना पिपरिया स्टेशन लागते. येथवर सालवन केव्हाच मागे पडलेले असते. पिपरियास उतरून महादेव डोंगराची चढण चढू लागावे, तो काही तासांच्या वाटेवर समोर पुन्हा सरईची झाडे उभी! सागाच्या देशाच्या मध्यभागी, पूर्वेकडील मुख्य सालवनापासून शंभर मैलांहून अधिक दूर, हा सालाचा एकाकी तुकडा कोठून आला? या प्रश्नास शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ एका डोंगरी झोपडीपासून होतो.

पिपरिया नर्मदेच्या खोऱ्यात आहे. सभोवार काळी, चिकट, गव्हाची माती. दक्षिणेस महादेव डोंगराची भिंत दिसते. मटकुली येथे देनवा नदी ओलांडली की चढण खऱ्या अर्थाने सुरू होते. आज तेथे मोटारीचा रस्ता आहे. पूर्वी ही चढण पायवाटेने, जनावरांवर ओझी लादून चढावी लागे. पायी चालणाऱ्यास एक लाभ होतो. मोटारीतील प्रवाशाला जे नुसते ‘जंगल’ दिसते, त्याचे थर पायी चालणाऱ्यास तळव्यांनाच कळतात.

पायथ्याच्या टेकड्यांवर साग, धावडा, तेंदू आणि सालई आहेत. (सालई किंवा साळई हे निराळेच झाड. नावातील साम्याने पुष्कळांची फसगत होते. तिचाही सुगंधी डिंक धुपासाठी जाळतात, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो.) फेब्रुवारी महिन्यात या रानातून चालताना पावलागणिक आवाज होतो. सागाचे वाळलेले पान हात-दीड हात लांब असते. त्यावर पाय पडला की पापड मोडावा तसे ते कडकडते, आणि शंभर पावलांवरील चितळही सावध होते. झाडे ओकीबोकी असतात, ऊन थेट जमिनीवर पडते. सागाचे पान हाताने चाचपले तर खरखरीत लागते. कोवळे पान तळहातावर चोळले तर तळहात लाल होतो.

वर चढत जावे तसा पायाखालचा दगड बदलतो. वालुकाश्माचे कडे दिसू लागतात, माती फिकट, वाळूमिश्रित व भुसभुशीत होते, आणि झाडीत अचानक सावली दाटते. हे सालवन. बुंधे सरळ, गडद रंगाचे, उभ्या खोल चिरा पडलेले. पाने गुळगुळीत व चकचकीत. फेब्रुवारीतही त्यांची हिरवाई बरीच टिकून असते. मार्चच्या सुमारास जुनी पाने गळतात, पण झाड फार काळ उघडे राहत नाही. तांबूस पालवी आणि फिकट मोहोर त्यावर जवळजवळ एकदमच येतात. सागाला मात्र नव्या पानांसाठी पुष्कळदा पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबावे लागते. एकाच डोंगरावर, एकाच आठवड्यात, खाली उन्हाळा आणि वर वसंत असा देखावा या वाटेवर पाहावयास मिळतो.

वाट शेवटी पचमढीच्या पठारावर निघते. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर आहे. जवळचे धूपगड शिखर १,३५० मीटर उंच असून सातपुड्यात त्याहून उंच शिखर नाही. या पठारावर १८६२ साली कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने एक वननिवास बांधविला. आदल्याच वर्षी मध्यप्रांताची स्थापना झाली होती. या प्रांतात कोणते अरण्य कोठे आहे, त्यात काय आहे, याची सरकारला नीटशी माहिती नव्हती, आणि रेल्वेच्या रुळांखाली घालावयास लाकूड तर हवे होते. त्या पाहणीसाठी डोंगरात एक मुक्कामाची जागा असावी, हा या बांधकामाचा हेतू. त्याचे नाव ‘बायसन लॉज’ पडले. ‘बायसन’ हा खरा अमेरिकेतील व युरोपातील प्राणी. इंग्रज शिकारी आपल्या गव्यालाच त्या नावाने संबोधीत, म्हणून नाव तसे राहिले. या घराचे पुढे वनविभागाचे संग्रहालय झाले.

पर्यटकांना सांगतात त्या कथेत फोर्साइथने १८५७ साली पचमढीचा ‘शोध’ लावला असे असते. त्याच्या स्वतःच्या ग्रंथात ही चढाई १८६२ सालची आहे. आणि शोधाविषयी म्हणावयाचे तर तेथे शोधावयाचे काही उरलेच नव्हते. पठाराभोवतीच्या गुहांतील शैलचित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत. कोरकू आणि गोंड तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. महादेवाची यात्रा फार जुनी. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले याच डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने लपले होते. ज्या राजाच्या राज्यात रायपूर होते, त्यालाही याच रानाचा आडोसा घ्यावा लागला.

फोर्साइथचे श्रेय निराळे आहे. तो शिकारी होता, आणि त्या काळच्या शिकाऱ्यांप्रमाणे त्याची बंदूक फार वेळा उडे. पण तो चालताना खाली मातीकडेही पाहत असे. त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १८७१ साली, मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात साल आणि साग यांच्या वाटणीची चर्चा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर आणि त्याच्या मातीवर साल सहसा येत नाही. वालुकाश्म व तत्सम खडकांच्या वाळूमिश्रित मातीत तो माजतो, असे त्याने नोंदविले. पूर्वेकडील सालवन आणि देनवेच्या खोऱ्यातील हा तुकडा यांच्या दरम्यान काळ्या पाषाणाचा पट्टा आहे, याकडेही त्याने लक्ष वेधले.

त्याहून विलक्षण अशी दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पूर्वेकडील सालवनात बारशिंगा हे हरीण आणि तांबडा रानकोंबडा आढळतात. पश्चिमेकडील सागवनात बारशिंगा नाही, आणि कोंबडा राखी जातीचा. परंतु देनवेच्या खोऱ्यातील या एकाकी सालवनात बारशिंगाही होता आणि तांबडा कोंबडाही होता. जणू पूर्वेकडील अरण्याचा एक तुकडा त्याच्या रहिवाशांसह कापून येथे आणून ठेवला होता.

तो कोणी आणला असेल? वाऱ्याने आणला नाही, एवढे सालाच्या बीजावरून निश्चित म्हणता येते. सालाच्या फळास पाच पंख असतात. फळ झाडावरून भिरभिरत खाली येते तेव्हा ते दूरचा प्रवास करील असे वाटते. पण ते जड असते आणि बहुधा आपल्या आईच्या सावलीच्या आसपासच पडते. ते मे अखेरीस व जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकते. त्यातील बीजाची उगवण्याची शक्ती सुमारे आठवडाभरच टिकते. पाऊस वेळेवर आला तर रान अंकुरांनी भरून जाते, कधी कधी तर अंकुर झाडावरच फुटलेला असतो. पाऊस लांबला तर त्या वर्षीचे सारे पीक वाया जाते. सागाचे फळ याच्या अगदी उलट: कठीण कवचाचे, वर्ष-दोन वर्षे मातीत स्वस्थ पडून राहू शकणारे. तेव्हा आठवड्याच्या आत रुजणे भाग असलेले बीज काळ्या मातीचा विस्तीर्ण पट्टा ओलांडून पचमढीस येणे शक्य दिसत नाही.

मग एकच मार्ग उरतो. हे वन येथे आलेले नसून येथे राहिलेले आहे. एके काळी हवामान अधिक ओले असताना सालवनाची सलग पट्टी पूर्वेपासून महादेव डोंगरापर्यंत पोहोचलेली असावी; पुढे हवा कोरडी झाली, मधल्या प्रदेशात साल टिकला नाही, आणि जेथे पाऊस भरपूर व माती अनुकूल होती तेथे हा तुकडा मागे उरला. पचमढीस वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. नागपूरला त्याच्या जवळजवळ निम्मा. शिवाय वालुकाश्मात पाणी मुरते आणि उन्हाळाभर झिरपत राहते. पचमढीच्या अरुंद, ओलसर घळींत आजही वृक्षाएवढी वाढणारी नेचे आहेत. भोवतालच्या रखरखीत मुलखात त्यांचा मागमूसही नाही.

खडकाचा नियम मात्र फोर्साइथला वाटला तितका काटेकोर ठरला नाही. पूर्वेस मंडला भागात, जेथे पाऊस अधिक आहे आणि काळ्या पाषाणावर जांभ्याची माती चढली आहे, तेथे साल त्या पाषाणावरही उभा आहे. खडक, माती, पाऊस, उन्हाळ्यातील जमिनीची ओल, वणवा या साऱ्यांच्या मेळातून सीमा ठरते. ती भिंतीसारखी सरळ नसते. कान्हाच्या परिसरात दोन्ही वृक्ष एकमेकांच्या शेजारी आढळतात, आणि एका नाल्याच्या दोन काठांवर दोन वने असेही दृश्य दिसते.

अशा मागे उरलेल्या तुकड्यांवरून पुढे एक मोठा तर्क उभा राहिला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे डॉ. सुंदरलाल होरा हे माशांचे अभ्यासक होते. पूर्व हिमालयातील व आसामकडील खळाळत्या ओढ्यांतील काही मासे आणि सह्याद्रीतील मासे यांत त्यांना निकटचे नाते दिसले. मधल्या मैदानी नद्यांत ते मासे नव्हते. एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग थंड व ओली असून या जीवांना पूल म्हणून उपयोगी पडली असावी, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९४९ साली या ‘सातपुडा सिद्धान्ता’वर विद्वानांचा परिसंवाद झाला. सह्याद्रीतील शेकरू आणि शीळकरी कस्तुर पचमढीच्या रानातही आढळतात, ही गोष्ट या तर्काच्या बाजूने मांडण्यात येते. तथापि भूशास्त्रज्ञांना हा अखंड पूल मान्य झाला नाही, आणि अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून अनेक जीवांचे प्रवास निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या मार्गांनी झाले असावेत असे दिसू लागले आहे.

पुन्हा त्या वननिवासाकडे वळावयास हवे. त्याच्या भिंती उभ्या करण्यास हात लागले ते तेथील रहिवाशांचे. फोर्साइथने या लोकांविषयी ममतेने लिहिले, पण रान जाळून त्या राखेत पेरणी करण्याच्या त्यांच्या पद्धतीला त्याने अरण्याचा शत्रू ठरविले. त्याच ग्रंथात लाकडाच्या ठेकेदारांनी सागवनाचा केलेला विध्वंसही नमूद आहे. दोन्ही दोषांची शिक्षा सारखी झाली नाही. जवळच्या बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. देशातील अगदी आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते. ठेकेदार दुसऱ्या रानाकडे वळले. कोरकू आणि गोंड यांना दुसरे रान नव्हते; त्यांच्या वाटा, मोहाची झाडे आणि पेरणीचे उतार कायद्याच्या रेषेपलीकडे गेले. त्यांचे वनावरील हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला.

तरीही राखीव झाल्यामुळे झाडे वाचली, हे खरेच आहे. पण झाडे वाचली म्हणून सारे वाचले असे नाही. फोर्साइथने ज्याची नोंद केली तो बारशिंगा देनवेच्या खोऱ्यातून नाहीसा झाला. त्याला वनाइतकीच वनालगतच्या उंच गवताची कुरणे लागतात. मध्य भारतातील बारशिंग्याची जात कठीण जमिनीवर वावरणारी. उत्तरेकडील जातीसारखे पसरट खूर तिला नाहीत. ती घटत घटत अखेर एकट्या कान्हाच्या रानात उरली, आणि १९७० साली तेथील गणनेत अवघे ६६ प्राणी भरले. एखादा सांसर्गिक रोग किंवा एक वाईट हंगाम एवढ्यानेही ही जात पृथ्वीवरून पुसली गेली असती. कुरणे राखण्यात आली, कुंपणाच्या आत कळप वाढविण्यात आला, आणि संख्या हळूहळू काही शेकड्यांवर गेली.

सारे प्राणी एकाच ठिकाणी असणे हा धोका त्यानंतरही राहिलाच. म्हणून २०१५ साली कान्हाहून काही बारशिंगे मोटारींत घालून सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील बोरी येथे नेण्यात आले. एके काळी जो प्रवास अरण्याच्या सलग सावलीतून झाला असेल, तो आता डांबरी रस्त्यावरून, बंद पेटाऱ्यांतून झाला. नव्या जागी कळप प्रथम कुंपणात ठेवला गेला. तेथे पाडसेही जन्मली.

हरणास पेटाऱ्यात घालून नेता येते. सालवनाचे तसे नाही. पूर्वेकडील सालवनावर १९९६ च्या सुमारास एक मोठे संकट आले. खोड पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगा सालाच्या झाडात अंडी घालतो. अळ्या आतून बोगदे करीत जातात आणि बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. मंडला, दिंडोरी, अमरकंटक या टापूंत त्याचा एवढा उद्रेक झाला की लक्षावधी झाडे तोडावी लागली, आणि तोड किती करावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वेळी एक जुनी युक्ती पुन्हा उपयोगात आली. सालाचा ताजा ओंडका ठेचून रानात ठेवला की रसाच्या वासाने भुंगे त्यावर जमतात. मग ते वेचून मारता येतात. गावोगावचे लोक पावसात भिजत हे काम करीत होते. पूर्वेकडील वन विस्तीर्ण आहे. एका खोऱ्यातील झाडे गेली तर शेजारच्या खोऱ्यातील मूळ वृक्ष बीज देण्यास उभे असतात. पचमढीच्या तुकड्याला असे शेजारी नाहीत. तेथे जे मरेल ते त्याच तुकड्यातील बीजाने भरून निघावे लागेल.

या रानाच्या वाटांवरून सर्वाधिक माणसे चालतात ती श्रावणात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते. व्याघ्र प्रकल्पातील ही पायवाट वर्षातून तेवढेच काही दिवस खुली होते. त्या दिवसांत नागपूर, अमरावती, छिंदवाडा, बैतूल या बाजूंची हजारो माणसे धुक्यातून, चिखलातून, कड्यांच्या कडेने गुहांच्या दर्शनास जातात. वाटेवर ऐकू येते ती बहुतांशी मराठी. महाशिवरात्रीस हेच लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. परंतु तेव्हा रान कोरडे असते. श्रावणात मात्र पठारावरील सालवनात, यात्रेकरूंच्या पावलांच्या दोन्ही अंगांस, जूनमध्ये पडलेल्या बियांची वीतभर रोपे उभी असतात. पुढच्या उन्हाळ्यात वणव्याने किंवा कोरडीने त्यांतील बहुतेकांचे शेंडे जळतील, मुळे जमिनीत राहतील, आणि पावसाबरोबर नवा कोंब येईल. असे कित्येक वर्षे चालते. मूळ पुरेसे जाड झाल्यावर एखाद्या वर्षीचा कोंब जळत नाही, आणि मग तो सरळ वर चढू लागतो.